लेकीचा पंप

४ जानेवारी

उत्कर्षाचा फोन! काम जमलं म्हणाली. माणसाच्या पेशीत एक प्रथिन असतं, जास्तीचं तांबं पडद्यापार फेकणारं. त्याची रचना तिच्या गटाने काढली — तांब्याचा कण कुठून शिरतो, कुठे अडतो, कुठून बाहेर पडतो, सगळं! मी म्हटलं, "म्हंजे पंपच की!" हसून म्हणाली, "व्हय आप्पा, पंपच."

टेंभुर्णीत पाणीपंपाच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरण्यात जन्म गेला माझा. आणि लेक असा पंप उघडून बसलीय जो डोळ्यांना दिसतसुद्धा नाही! ऊर भरून आला.

५ जानेवारी

दुकानात येईल त्याला सांगितलं. उजनीकाठचा उदयसिंह केळीला पाणी नाही म्हणून तणतणत आलेला. म्हणाला, "लई भारी. आदी माजी मोटार बघा की." गड्याला कशाचं कौतुक नाही.

९ जानेवारी

तांब्याची नवी घागर आणली. लेकीचा धातू! सकाळी उठून सगळ्यांनी तेच पाणी प्यायचं — हुकूम. इंद्रजीतने तोंड वाकडं केलं, त्याला दोन पेले जास्त पाजले. पोराचं हल्ली कामात चित्तच नाही. तार सैल गुंडाळतो, हात थरथरतो. "मोबाइल कमी कर," म्हणून ओरडलो. बहीण कुठे, हा कुठे!

१८ जानेवारी

सोलापूरच्या कॉलेजात उत्कर्षाचं भाषण. मी कडक इस्त्रीत, पहिल्या रांगेत. पडद्यावर रंगीत फितींचा गुंता — तोच पंप! याला वीज लागत नाही म्हणे, पेशीचंच इंधन. पंप जन्मतः बिघडलेला असला तर तांबं यकृतात साठतं, मग मेंदूत. हात थरथरतात, बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं येतं. किती सोपं करून सांगितलं पोरीने! मी टाळ्या वाजवतच होतो.

१९ जानेवारी

उत्कर्षा घरी आली. इंद्रजीतने चहा आणला, कपबशी खडखडली. मी म्हटलं, "बघ, धड कप बी धरवत न्हाय." ती हसली नाही. त्याला दारात उजेडाला नेलं. "वर बघ, इंद्या." बराच वेळ डोळे बघत राहिली. मग मला विचारलं, "आप्पा, ही घागर कवा आणली?"

२४ जानेवारी

तपासण्या आल्या. तोच आजार. डॉक्टर म्हणाले, बहिणीने वेळेत ओळखलं, गोळ्यांनी आटोक्यात राहील. घागर मी माळ्यावर टाकली.

इंद्रजीत एवढंच म्हणाला, "आप्पा, मी कामचुकार न्हवतो की."