अर्थ सुटला आहे

प्रिय शेंडेफळा,

परवा फोनवर ‘ताई, विकून टाक ना ती गाडी, कशाला डोक्याला ताप’ असं म्हणालास आणि मोकळा झालास. जाताना गाडी आमच्या गळ्यात बांधून गेलास. आता विकायचा सल्ला तुझा आणि ढकलायचा मान माझा, अशी वाटणी झालेली दिसते. तेव्हा मी नुसतं ‘बघू’ म्हटलं, कारण बाबा शेजारीच बसले होते. त्यांच्यासमोर उत्तर देता येण्यासारखं नव्हतं, म्हणून हा कागद.

गाडीचा छळ आधी ऐक. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर रोषणाई. ‘ब्रेक तपासा’, ‘एअरबॅग तपासा’, ‘बॅटरी तपासा’. सगळी आज्ञार्थी क्रियापदं. कुणी तपासायचं, कशानं, याचा पत्ता नाही. सूत्रकारांनीही शब्दांची इतकी कंजुषी केली नव्हती, आणि त्यांच्यामागे निदान भाष्यकार तरी धावून येत. इथे भाष्य म्हणून आहे ते गाडीबरोबरचं जाडजूड पुस्तक, आणि त्यात प्रत्येक दिव्यापुढे एकच उपदेश: जवळच्या सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा. तो साधला. त्यांनी बॅटरी बदलली, मग ब्रेकचा सेन्सर बदलला, मग डोकं खाजवलं. दिवे आपले जळतायत. बाबांच्या तपासणीच्या दिवशी तर पुलावर सगळे एकदम लागले, स्टिअरिंग जड झालं आणि मागच्यांनी हॉर्न वाजवून माझा उद्धार केला. तपासणी हुकली. पुढच्या तारखेलाही तेच. भाड्याच्या गाडीत बाबा बसत नाहीत, हे तुला ठाऊकच आहे. ‘अनोळखी माणसाच्या हाती जीव द्यायला मी काय पार्सल आहे?’ असं विचारतात. कसली तपासणी, ते सांगते. जरा धीर धर.

शेवटी गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करणारा एक माणूस कुणीतरी सुचवला. त्याने फोनवर पहिलाच प्रश्न केला, ‘मॅडम, अर्थ तपासला का?’ मी बाणेदारपणे म्हटलं, ‘एकूण एक तपासला. पुस्तक उघडून, संदर्भासह.’ तो म्हणाला, ‘मग वायरिंगच उचकटावं लागेल.’ आणि डॅशबोर्ड उघडून, आतली आतडी सीटवर पसरून तो दिवसांमागून दिवस शोधत बसला. अखेर बॉनेटखाली वाकला तेव्हा ओरडला, ‘अहो मॅडम, अर्थच लागत नाहीये!’ मी म्हटलं, ‘मलाही.’ मग कळलं. बॅटरीची काळी वायर गाडीच्या पत्र्याला जिथे बोल्टने जोडलेली असते, त्या जोडाला हे लोक अर्थ म्हणतात. तो नीट नसला की वीज घरी परतत नाही, आणि गाडी घाबरून दिसेल त्या भागाचं नाव घेत सुटते. हस, पोटभर हस. कारखान्याच्या वायरमनची लेक, आयुष्यभर शब्दांचे अर्थ लावत बसले आणि हा एक राहिला. त्यालाही वाटलं असेल, बाई पुस्तकातून अर्थिंग मोजतात.

जोड बिघडला होता रंगामुळे. वायरीच्या कडीखाली पत्र्यावर हिरव्या रंगाचा गुळगुळीत थर. त्याने तो पत्रा चमकेपर्यंत खरवडला, बोल्ट आवळला आणि सगळे दिवे गपगार झाले. मी त्याला चहा पाजला, बाबांना पुढच्या तपासणीचं सांगितलं आणि चार दिवस जग सुरळीत चाललं. मग पुन्हा तीच रोषणाई. मी त्या बिचाऱ्याला फोनवर काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही. व्याकरण शुद्ध होतं एवढंच. तो आला, त्याने बॉनेट उघडलं आणि मला बोलावलं. रंग पुन्हा लावलेला होता. ताजा. बोल्ट सोडवून, खाली सफाईने ब्रश फिरवून, वाळू देऊन, परत नीट आवळलेला. आपल्या फाटकाचा हिरवा.

बाबा ओसरीत बसले होते. नखांत हिरवा रंग. मी विचारलं तर म्हणाले, ‘मी? मी कशाला गाडीला हात लावू? गंज चढू नये म्हणून कुणी लावला असेल.’ खोटं बोलत नव्हते रे. खोटं बोलताना ते कान खाजवतात.

तुला सायकलचा दिवा आठवतो? तू त्याच्या जोडावर हौसेने रंग फासला होतास आणि बाबांनी तो तुझ्याकडूनच घासून काढून घेतला होता. ‘जोड उघडा पाहिजे गाढवा, रंगातून वीज जात नाही,’ हे त्यांचं वाक्य मी आतल्या खोलीत संस्कृतची रूपं घोकताना ऐकलं होतं. म्हणून आता तुला वेगळं समजावत नाही. फाटकाला या वर्षी किती वेळा रंग दिलाय ते त्याची कडी लावताना कळतं. ती बसतच नाही. तपासणी आहे ती याच विसरण्याची. आजवर फोनवर मी तुला गाडीचीच गाऱ्हाणी सांगत आले, कारण गाडीवर चिडता येतं.

तर गाडी विकायची नाही. निदान बाबांना तिच्यातून डॉक्टरांकडे नेईपर्यंत तरी नाही. जोड पुन्हा खरवडून घेतलाय आणि ब्रश मी माझ्या पुस्तकांच्या कपाटात लपवलाय. बाबा सकाळपासून तो शोधतायत. मघाशी म्हणाले, ‘धाकट्याने नेला असणार, येऊ दे घरी, विचारतो त्याला.’ अजून तुझी आठवण पक्की आहे. तेव्हा लवकर ये, आणि ‘ब्रश मीच नेला’ म्हणून सांग.

तुझीच, तुला खोट्या आरोपात अडकवणारी,
ताई