दादाच्या गिटारवरचा एफ

मंगळवार, नेरूळ

बोटं अजून चरचरतायत. उजव्या हाताची. दादा डावखुरा होता, म्हणून त्याच्या गिटारच्या तारा उलट्या आहेत. मी डावखुरी नाही, तरी त्याच्यासारखीच धरते, तारा उजव्या हाताने दाबते. क्लासचे सर म्हणतात, "अगं, तारा बदलून घे, उगाच टेन्शन घेतेस." नाही बदलणार. त्या दादाने लावल्यात. जायच्या आधीच्या रविवारी.

एफ हा बार कॉर्ड, त्याला पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबायचं असतं. माझं बोट बारीक, एखादी तार बद्द वाजतेच. बद्द आवाज म्हणजे मी, हे आईलाही पाठ झालंय.

आज अचानक एफ वाजला. सगळ्या तारा, स्वच्छ. मीच दचकले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई, अगदी पूर्वीसारखी, "समीर, हळू रे! खालच्या काकू परत ओरडतील."

मग लाटणं थांबलं.

मी काय करायला हवं होतं? बोट तसंच दाबून बसून राहिले. आई दारात आली, हाताला कणीक. वाटलं, आता रडेल. म्हणाली, "परत वाजव ना."

वाजवला. बद्द. पुन्हा बद्द.

"असू दे गं," म्हणाली आणि आत गेली.

जेवायला बसले तर ताटात आमटीभाताशेजारी चमचा. मी बोटांचं तिला कधी बोलले नव्हते. दादाला डाव्या हाताने जेवू द्यायची नाही ती. तो गिटार शिकायला लागला, तेव्हा त्याच्याही ताटात असाच चमचा असायचा.

मी हातानेच जेवले.