फळ्यावरचं सांकेतिक पत्र

सर, तुम्ही हयात असताना हे लिहिलं असतं तर तुम्ही आधी माझं शुद्धलेखन तपासलं असतं, म्हणून इतकी वर्षं थांबले.

धारूरच्या शाळेत नववीला तुम्ही आम्हाला मराठी आणि इतिहास शिकवायचात. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनांच्या सांकेतिक यंत्रावर तुमचा भारी जीव. बटण दाबलं की आतली चाकं फिरायची आणि एका अक्षराच्या जागी भलतंच अक्षर उमटायचं. तेही फुटलं, कारण चालवणारे रोज हवामानाचा निरोप त्याच त्या शब्दांत धाडायचे. इंग्रजांनी ते शब्द ओळखले आणि बाकीचं त्यावरून उलगडलं. "येड्यांचा बाजार निस्ता," म्हणून तुम्ही पोट धरून हसलात. मग फळ्यावर आकड्यांत एक पत्र लिहिलंत, प्रत्येक अक्षराला एक आकडा. "फोडील त्याला माझा शाईपेन. पर फुटायचं न्हाई हे."

मी ते मधल्या सुट्टीत फोडलं. पत्र कुणालाही असो, शेवटी 'कळावे, लोभ असावा' नसलं की तुम्ही अर्धा गुण कापायचात. मी शेवटच्या आकड्यांखाली तीच अक्षरं ठेवली आणि बाकीचं आपोआप सुटत गेलं. आत काय, तर सोमवारी चाचणी आहे, अभ्यास करा. जर्मनांचं कुसळ दिसलं तुम्हाला, स्वतःचं मुसळ नाही.

वही दाखवली तर म्हणालात, "कुणी सोडवून दिलं?"

"मीच केलं, सर."

"पोरींच्या डोक्याचं काम न्हाई हे."

पेन मिळाला संस्थेच्या अध्यक्षांच्या मुलाला. त्यानं माझ्याच वहीतून उतरवलं होतं, आणि ते तुम्ही पाहिलं होतं. वर आमच्या दुकानात येऊन माझ्या वडिलांना, दादांना सांगितलंत, "पोरीला पुढं गणित देऊ नगा, वाया जाईल." दादांनी ऐकलं. गणित मी पुढे लग्नानंतर, दोन लेकरं सांभाळत, बाहेरून शिकले.

परवा नातीबरोबर त्या यंत्रावरचा माहितीपट पाहिला. इंग्लंडात संकेत फोडायची यंत्रं दिवसरात्र पाळीपाळीनं बायका चालवत होत्या, हजारोंनी. हे तुम्हाला ठाऊक नसेल तर तुम्ही अडाणी, आणि ठाऊक असून गाळलं असेल तर त्याहून हलके. मला तुमचा राग येत नाही आता, कीव येते. अध्यक्षांपुढे वाकून वाकून तुमची मान तशीच राहिली होती.

हे कुठं पाठवायचं नाहीच. कळावे. त्यापुढचे दोन शब्द सवयीनं लिहिले गेले होते, ते मी गिरवून गिरवून खोडले. अर्धा गुण गेला म्हणून अजूनही जीव चुटपुटतो, एवढं मात्र कबूल करते.