मी घरी नाही

२ फेब्रुवारी, सोमवार
पुण्याच्या कंपनीनं महिन्याची मुदत दिली. विम्याचे क्लेम तपासायचा माझा आकडा वाढला तर कायमचं वर्क फ्रॉम होम, नाहीतर ऑफिसात परत. इकडं आईनं आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या शिवप्रियाचा फोटो दाखवलाय. झेडपी शाळेत मॅडम आहे, जिल्ह्यातच राहणारा नवरा हवाय. फोटो कुणी आणला ते आई सांगत नाही. का? असो. लग्न आता प्रॉडक्टिव्हिटीवर आलं. आजपासून हॉल सोडून वरच्या खोलीत, एकांतात. आईला बजावलं, कुणीही आलं तरी मी घरी नाही.

३ फेब्रुवारी
काम शून्य. माझा दोष नाही. शेजारचे महारुद्रकाका नेमके माझ्या मीटिंगला पिठाची गिरणी चालू करतात. योगायोग? मला नाही वाटत.

९ फेब्रुवारी
गिरणी बंद. आता बंद का? खिडकीच्या फटीतून पाहिलं. काका आमच्या ओट्यावर, आईशी हळू आवाजात बोलत होते. मी खोकलो, दोघं गप्प. दिवसभर लक्ष ठेवावं लागलं. क्लेम उद्या दुप्पट.

१३ फेब्रुवारी
आईनं दार वाजवलं, पाहुणे आलेत म्हणाली. धावत गेलो तर गॅसची टाकी उचलायची होती. पुन्हा फसणार नाही.

१६ फेब्रुवारी
ऑफिसातला अरफात हल्ली ग्रुपवर नुसता अंगठा टाकतो. पूर्वी दोन शब्द तरी लिहायचा. माझ्यामागं काहीतरी शिजतंय. त्याचे जुने मेसेज काढून वाचले. संध्याकाळ झाली.

२१ फेब्रुवारी, शनिवार
दारात पांढरी गाडी. काका दोन अनोळखी माणसं घेऊन अंगणात. त्यातला एक तर घराचं माप घेतल्यासारखा वर बघत होता. वर्गणीवाले, शंभर टक्के! आई वर आली, पाहुणे आलेत म्हणाली. मी हसलो. मग म्हणाली, आरं खरंच आलेत, चांगला शर्ट घाल. टाकी उचलायला चांगला शर्ट! कडी लावली, हेडफोन घातला. दार बराच वेळ हलत होतं. गाडी जाईपर्यंत मी खोकलोसुद्धा नाही. अशी एकाग्रता जन्मात साधली नव्हती. क्लेम तेवढे राहिले.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
कंपनीचा मेल. हॉलमध्ये, आल्यागेल्याच्या गलक्यात बसून व्हायचं त्याच्या निम्मंही काम या महिन्यात झालं नाही. सोमवारी पुण्यात हजर व्हायचंय.
दुपारी काका निरोप घेऊन आले. ती दोन माणसं म्हणजे शिवप्रियाचे वडील आणि मामा. स्थळ काकांनीच आणलं होतं. मीटिंगला त्रास नको म्हणून गिरणीही तेच बंद ठेवत होते. वडील म्हणाले म्हणे, पोरगा घरी बसून काम करतो म्हणून सांगितलं, आमी गेलो तर घरीच न्हाय. कामबी तसंच असंल.
वाईट वाटलं. लई वाईट. संशय घ्यायला आता अरफातशिवाय कुणी उरलंच नाही.
रात्री खाली जाऊन जेवायला मागितलं. आई म्हणाली, तू घरी न्हाईस न्हवं, म्हणून तुझी भाकरी टाकली न्हाई.