शेवटची कात

३ ऑगस्ट
ती मला शाबास म्हणाली! इथे कोळ्यांच्या पाहणीला आलेली, मी जिचा मदतनीस आहे ती. कॉलेज सोडल्यापासून हा शब्द कानावर पडला नव्हता. गवतात किडे पकडायची जाळी फिरवताना कोळी मिळाला — लांबुळका, हिरवट, चार पाय पुढे नि चार मागे ताणून पात्याला चिकटलेला. मी काडीच समजलो होतो. तिने भिंगाखाली धरला. "मादी आहे. पण कोवळी. शेवटची कात टाकल्याशिवाय जात कळायची नाही."
तिच्या अहवालातल्या बाकी सगळ्या कोळ्यांची नावं लागलीत, ही एकच राहिली. हिचं लागलं की अहवाल पुरा आणि ती इथून मोकळी. म्हणजे जाणार.

५ ऑगस्ट
कोळिणीची बरणी माझ्या ताब्यात. रोज एक माशी घालायची. वहिनी म्हणते, "भाऊजींना पुस्तकं सांभाळता आली नाहीत, आता कोळीण सांभाळतायत." ताटावरून उठलो. मग भूक लागली, गुपचूप परत बसलो.

९ ऑगस्ट
प्रयोगशाळेचे सर सांगत होते — पोटभर खाल्लं की कात लवकर, उपाशी राहिली की उशिरा.
आजची माशी खिडकीतून सोडून दिली.

१४ ऑगस्ट
"खाते ना रे?"
"खाते की." तिच्या डोळ्यांत बघून बोललो! कोळिणीचं पोट खपाटीला गेलंय. पण ती अजून गेली नाही, माझ्या शेजारच्या टेबलावर काम करतेय.

१९ ऑगस्ट
एका कोळ्यापायी अहवाल किती अडवणार म्हणून सर तिच्यावर घसरले. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मग तुम्हीच टाका कात!" तिने हाताला धरून मला जिन्यात नेलं. हात धरला — आणि काय ऐकायला! "तोफखान्या, माझ्यासाठी भांडू नकोस. बाबा दवाखान्यात आहेत. अहवाल दिल्याशिवाय रजा नाही. तेवढी मोठी होऊ दे तिला."
मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तरी कुठे विचारलं होतं.
दिवसभर माश्या पकडून बरणीत कोंबल्या.

२२ ऑगस्ट
आता खातच नाही. माश्या अंगावरून फिरतात, कोळीण ढिम्म. खा ना, बाई.

२३ ऑगस्ट
फोन आला. तिचे बाबा गेले. रजा मागायलाही थांबली नाही. गाडीत बसताना म्हणाली, "तिला जप हं. तुझ्याइतकं कुणी केलं नसतं."
सांगायला तोंड उघडलं. गाडी सुटली.

२५ ऑगस्ट
सकाळी बरणीत दोन कोळिणी दिसल्या. एक पोकळ — कात.
सर म्हणाले, चला, मोकळे झालो. आता नाव लागेल.