ओर्फाआजीचे आमेन आणि आठ वाजता लागलेले दार

प्रति,
मा. श्रीमती बर्निस क्विलेन,
केंद्रप्रमुख, महाविद्यालय प्रवेश लेखन परीक्षा,
परगणा हायस्कूल, पार्डी फोर्क, केंटकी.

विषय : आजीची प्रार्थना लांबल्यामुळे परीक्षेस मुकलेल्या मुलीस पुन्हा बसू देण्याबाबत.
संदर्भ : गेल्या शनिवारी सकाळी आपण आमच्या तोंडावर लावलेले दार.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी, व्हर्लिन स्टिडम, गावात टायर दुरुस्तीचे दुकान चालवतो. माझी कन्या टेसा हिला लेक्सिंग्टनला नर्सिंगला जायचे असून, या परीक्षेचे गुण वेळेत पोचले नाहीत तर तिचे हे वर्ष फुकट जाईल. आमच्या घराण्यात आजवर कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. मी एकदा चढलो होतो, पण ते त्यांच्या बसचे चाक बदलायला.

१. टेसाने उन्हाळाभर व्याकरणाचे नियम घोकले. दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडू नयेत. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये कितीही गर्दी झाली तरी क्रियापदाने कर्त्याशीच इमान राखावे. वाक्याच्या तोंडाशी काही लटकवले, तर लगेच पुढे जो येईल त्याच्याच गळ्यात ते पडते. शिकण्यास आमची हरकत नव्हती. हरकत अशी की, हे नियम ती घरात लावू लागली. दुकानाची पाटी मला दोनदा रंगवावी लागली. माझी पत्नी ग्लेना हिने "दूध आण" अशी चिठ्ठी लिहिणे सोडून स्वतःच दूध आणायला सुरुवात केली. इथवर आम्ही सोसले.

२. पुढे तिने प्रार्थनेला हात घातला. आमच्याकडे जेवणाआधीची प्रार्थना माझी आई ओर्फा म्हणते आणि तिचे आमेन झाल्याखेरीज कोणी काट्याचमच्याला शिवत नाही. मध्ये बोलायचे नाही, मग घराला आग लागो! एका रविवारी आई डोळे मिटून म्हणाली, "देवा, सकाळपासून मंद आचेवर शिजून मऊ झाल्यावर आम्ही हे डुकराचं मांस तुझ्या नावानं खायला बसलोय." त्यावर आमचे कन्यारत्न उद्गारले, "आजी, या वाक्यात मांस नाही शिजलं. आपण शिजलोय." ग्लेनाला हसू फुटले. आईने डोळे उघडले. "बरं बाई. अडाण्याचं बोलणं देवाला कळत नसेल, तर तूच म्हण," एवढे बोलून तिने तोंडाला कुलूप लावले.

३. तेव्हापासून प्रार्थना टेसाकडे आली. ती अगदी निर्दोष असे, पण एकेक वाक्य मागे घेऊन दुरुस्त करता करता रस्स्यावर साय धरे. आई मुकाट्याने खाई, विचारले तर "हं" करी आणि उठून जाई. "आजी, चुकलं गं माझं, बोल ना," म्हणून पोरगी तिच्या खुर्चीशी बसून रडली. आई ढिम्म! जी बाई कोंबड्यांशीसुद्धा दिवसभर गप्पा मारते ती गप्प झाल्यावर घर खायला उठते, हे आपणास वेगळे सांगणे नलगे.

४. शनिवारी मी गाडी सुरू केली, तो टेसा पडवीच्या पायरीवर फतकल मारून बसली. "नियम सगळे येतात मला. पण आजी काही म्हणाल्याशिवाय माझे पाय उचलणार नाहीत." स्वयंपाकघराचे दार वाजले. आई सपाता घालून, एप्रनला हात पुसत बाहेर आली, नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "देवा." मग काय विचारता! इतक्या दिवसांची तुंबलेली प्रार्थना होती ती. त्यात टेसाच्या पेन्सिली आल्या, लेक्सिंग्टनची हवा आली, आमचे वारलेले वडील आले, शेजाऱ्याची लंगडी गाय आली आणि माझ्या गाडीचा क्लचही आला. चुकांची तर रेलचेल होती. मी घड्याळ दाखवले. मी खाकरलो. टेसाने एक डोळा उघडून मलाच दटावले, "बाबा, मध्ये नाही बोलायचं!" आमेन झाल्यावर मी गाडी कशी हाकली ते पोलिसांना कळू नये. आपल्या दारी पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. "नियम म्हणजे नियम," असे आपण काचेमागून म्हणालात.

५. याबाबत नम्र निवेदन की, टेसाच्या अभ्यासाच्या पुस्तकात प्रत्येक नियमाच्या पाठीला अपवाद चिकटलेला आहे. व्याकरणाला जे चालते ते दाराला का चालू नये? शिवाय दुकान बंद केल्यावर कोणी पंक्चर टायर घेऊन आले, तर मी काचेमागून नियम सांगत नाही. सबब, नोव्हेंबरच्या परीक्षेची नावनोंदणी संपली असली तरी टेसाचे नाव कसेही करून त्यात बसवावे. एकदा आजीला मध्येच तोडले म्हणून ही पोर होरपळली, आणि दुसऱ्यांदा तोडले नाही म्हणून तिचे वर्ष जावे, हा कुठला न्याय?

६. आई आता पुन्हा प्रार्थना म्हणते. दार लागल्याचे कळल्यापासून प्रत्येक जेवणाला आपले नाव घेते : "देवा, त्या दारवाल्या क्विलेनबाईचं मन आणि तिच्या किल्ल्या मऊ कर." किल्ल्या मऊ झाल्या तर कुलूप कसे उघडणार, हे तिला कोणी सांगत नाही. टेसा तर मुळीच नाही. ती डोळे घट्ट मिटून सर्वांत मोठ्याने आमेन म्हणते. मात्र टेसाला परीक्षेला घेईपर्यंत आपल्यासाठीची प्रार्थना आखडती घेणार नाही, असे आईने बजावले आहे. तरी निर्णय लवकर व्हावा, ही विनंती.

आपला नम्र, आणि सध्या तिन्ही त्रिकाळ गार जेवणारा,
व्हर्लिन स्टिडम
पार्डी फोर्क, १४ ऑक्टोबर

सोबत :
१. टेसाचे न वापरलेले प्रवेशपत्र.
२. ओर्फा स्टिडम यांची प्रार्थना नेहमीच लांबते, असा पाद्रीसाहेबांचा दाखला.
३. सफरचंदाचा मुरंबा, बरणी एक. ही लाच नव्हे. आईने खास आपल्यासाठी दिली आहे, आणि झाकण लावण्यापूर्वी तिच्यावरही प्रार्थना म्हटली आहे.