पाच, दोन, एक, दोन, पाच

४ फेब्रुवारी, रविवार

तीर्थरूप दादास,
धाकटीचा नमस्कार.

आम्ही इकडे ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण तोंडाचा पट्टा अजून दणकट आहे. मी हॉस्पिटलात टेलिफोनवर असते. येणारा प्रत्येक फोन वहीत लिहून घेते: किती वाजता, कुणाचा, कुणासाठी, काय सांगितलं. मोठे डॉक्टर सगळ्यांना सांगतात, "ही बाई एक निरोप चुकवत नाही." मी हसते आणि पुढचा फोन उचलते.

तुझा पत्ता मिळवताना नाकी नऊ आले. शेवटी आपला जुना वेल्डर बाजारात भेटला. तू बंदरावर सेंट्रिंगच्याच, फळ्या-टेकू बांधायच्या कामाला आहेस म्हणाला. नंबर काही केल्या देईना, तू शपथ घातलीयस म्हणे. म्हणून हे पत्र, अकरा वर्षांनी. अक्षराला हसू नकोस.

मुद्द्याचं लिहिते, नाहीतर पानभर नुसती ख्यालीखुशालीच व्हायची. अप्पांच्या किडन्या थकल्या आहेत. डॉक्टर म्हणतात उन्हाळा निघणं अवघड. पाण्याच्या टाकीचा स्लॅब कोसळला त्या दिवसापासून ते उभे राहिलेले नाहीत, हे तुला ठाऊक आहेच. तुमच्या टोळीतला हसऱ्या गेला, अप्पांची पाठ गेली, आणि स्ट्रेचरवरून त्यांनी तुला सांगितलं, "तुझ्या घाईनं माणूस खाल्ला. पुन्हा तोंड दाखवू नकोस." तू खरंच दाखवलं नाहीस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे तुम्हा दोघांकडं बघूनच कुणीतरी म्हटलं असणार.

आता गंमत ऐक. गेल्या महिन्यात अप्पा एकदम म्हणाले, "तुझे ते ठोकळे कुठं गेले गं?" मला आधी कळेचना. मग लक्षात आलं, माझा गेम. तू पहिल्या पगारातून जुना कॉम्प्युटर आणून दिला होतास आणि मी दिवसरात्र ठोकळे रचायची म्हणून मला ठोकळी म्हणायला लागलास, तो. मी किती वर्षांत हात लावला नव्हता. माळ्यावरून काढला, पुसला, तर चालू झाला की रे! माझी दुनिया जशीच्या तशी होती. तो अर्धा राहिलेला गोळासुद्धा. मी लगेच पाठ फिरवली आणि लांब, गेममधल्याच मोकळ्या माळावर गेले.

अप्पा म्हणाले, "टाकी बांध. आपली. गोल."

आता चौकोनी ठोकळ्यांतून गोल काढायचा म्हणजे डोक्याला ताप. तिथं ठोकळा कापता येत नाही, वाकवता येत नाही. मी आपली जमेल तशी रचत गेले, तर अप्पा खाटेवरूनच ओरडले, "अगं, हा गोल आहे की मार खाल्लेलं पातेलं?" उंटावरून नाही, खाटेवरून शेळ्या हाकतात. मग त्यांनी आईकडून चौकटीचा कागद मागवला आणि पेन्सिलीनं घरं काळी केली. पंधरा घरांचा गोल. कडेला पाच घरं सरळ, मग दोन, मग एक, मग दोन, मग पुन्हा पाच. असंच चारी बाजूंनी. पंधरा का, तर विषम आकड्याला मधोमध एकच घर मिळतं, सम आकड्याला मध्य सापडत नाही. मी म्हटलं, "मला येतं हे, अप्पा." ते म्हणाले, "तुला कुठून येणार? मी सरळ फळ्यांतून गोल टाक्या काढण्यात हयात घालवली." मला येत होतं. लहानपणी पाठ केलं होतं.

जवळून बघितलं तर नुसत्या पायऱ्या दिसतात. मी मागे मागे गेले तसं ते गोल दिसायला लागलं. अप्पा इतके खूष झाले की आईला हाक मारून दाखवलं. मग विचारलं, "तो अजून सेंट्रिंगच करतो का गं?" तुझं नाव घेतलं नाही, पण विचारलं. दादा, अकरा वर्षांत पहिल्यांदा.

तू ये. आई तुझ्या सायकलीत अजून दर महिन्याला हवा भरून ठेवते. का, ते मी तिला विचारत नाही.

तुझी
ठोकळी


३ मार्च, रविवार

दादास,
नमस्कार.

तुझं उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे कुणीतरी घेतलं.

अप्पांचा चेहरा सुजला आहे. जेवण दोन घास. पण चार वाजले की, "चल, कामावर." आमची टाकी उंच झाली. आठ खांब उभे केले. वर तळाचा स्लॅब, पंधराचा. तो टाकण्याआधी अप्पांनी मला खाली लाकडी टेकूंचं रान उभारायला लावलं. मी म्हटलं, "अप्पा, इथं टेकू लागत नाहीत." ते म्हणाले, "शहाणपणा नको. टेकूशिवाय स्लॅब टाकतात का?" ठोकले सगळे. बोटं दुखायला लागली.

मग परवा माझ्याकडून चूक झाली. खांबाला लावायचा एक ठोकळा एक घर बाजूला पडला, आणि खालचा तोडला तर तो तसाच हवेत राहिला. अप्पांनी बघितलं.

"हा पडत का नाही?"

"इथं पडत नाही काही. वाळू तेवढी पडते. बाकी एकदा ठेवलं की राहतं."

"खाली काहीच नसलं तरी?"

"काहीच नसलं तरी."

बराच वेळ ते त्या ठोकळ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता हसतील, म्हणतील काय उफराटी दुनिया. ते म्हणाले, "हसऱ्याला अशा जागी कामाला न्यायला हवं होतं." आणि थोड्या वेळानं, "काढ टेकू. सगळे काढ. बघू दे मला."

मला माहीत आहे की काही पडणार नाही. चौदा वर्षांची असताना माहीत होतं, आताही आहे. तरी एक टेकू काढवला नाही. कॉम्प्युटर बिघडला असं खोटंच सांगितलं आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. बाहेरून आई म्हणाली, "टाकी भरून सांडली, काय करतेस आत?"

तुला एक गोष्ट लिहायची आहे. मागच्या पत्रातच लिहायची होती. तीन कागद फाडले. आधी अप्पांना सांगते, मग तुला. अप्पांना सांगायची वेळ फार उरलेली नाही, आणि तूही येत नाहीस. माझं काय होईल ते होवो.

ठोकळी


२९ मार्च, शुक्रवार

दादा,

अप्पा गेले. गेल्या मंगळवारी. मी ड्युटीवर होते. फोन वाजला, मी उचलला आणि हातानं सवयीनं लिहून टाकलं: सकाळी दहा वीस. आई. माझ्यासाठी. अप्पा गेले. मग वाचलं तेव्हा कळलं मी काय लिहिलंय.

आता सगळं सांगते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

तो गुरुवार. मी तापाचं निमित्त करून शाळा बुडवली होती. आई कामाला. अप्पांचा फोन रात्री चार्ज झाला नव्हता म्हणून घरीच लावून गेले होते. मी गोळा बांधत होते. सगळ्यात रुंद थर, पंधराचा. पाच, दोन, एक, दोन, पाच. फोन वाजला. इंजिनिअर साहेब होते. म्हणाले, "अप्पांना ताबडतोब निरोप दे. तपासणीत काँक्रीट कच्चं निघालंय. आज टेकू काढू नका. अजून पाच दिवस थांबा." मी हो हो म्हटलं. माझे डोळे पडद्यावर होते, मोजणी चुकू नये म्हणून बोट कडेवर दाबून धरलं होतं. फोन ठेवला आणि पुन्हा मोजायला लागले. दादा, मी विसरले असं म्हणणंसुद्धा खोटं आहे. विसरायला आधी ऐकावं लागतं. साहेबांचे शब्द मला आठवले ते स्लॅब पडल्याचं कळल्यावर.

साडेबाराला तू डबा न्यायला आलास. दारातूनच विचारलंस, "ठोकळे, अप्पांना कुणाचा फोन?" मी वर न बघता म्हटलं, "नाही." आठवतंय तुला? मला तुझ्या चपलांचा आवाजसुद्धा आठवतो. तू टपली मारून गेलास. कामावर जाऊन तू सांगितलंस, साहेबांचा काही निरोप नाही, ठरल्याप्रमाणे काढू या. तीन वाजता काढले.

तू विचारलं होतंस. तू घाई केली नव्हतीस. तू विचारून गेला होतास, आणि मी नाही म्हणाले. नंतर हॉस्पिटलात सगळे तुझ्या अंगावर धावले, तेव्हा मी कोपऱ्यात आईचा पदर धरून उभी होते. तोंड उघडलं नाही. तूही बोलला नाहीस की पोरीला विचारलं होतं. का नाही बोललास?

मी हे अप्पांना सांगितलं. पाच तारखेला, चार वाजता, कामाच्या वेळेला. मला वाटलं ते किंचाळतील. हात उचलायचं बळ नव्हतं, पण शिव्या तरी देतील, थुंकतील. ते म्हणाले, "मला माहीत आहे."

साहेबांनी तिसऱ्याच दिवशी हॉस्पिटलात येऊन त्यांच्या कानात सांगितलं होतं. घरी फोन केला होता, पोरीनं उचलला. कागदावर काही नव्हतं म्हणून साहेबही पुढं गप्प राहिले, चौकशीतसुद्धा. अप्पांना सगळं ठाऊक होतं. अकरा वर्षं.

मी विचारलं, "मग दादाला का नाही बोलावलं?"

म्हणाले, "बोलावलं असतं तर का बोलावलं ते सांगावं लागलं असतं. तू चौदाची. एका माणसाचा जीव तुझ्या नावावर लागला असता तर तू जगली नसतीस. तो हातात विद्या असलेला गडी. कुठंही कमावून खाईल."

"आणि त्यानं माणूस मारला असं समजून जगायचं?"

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मी त्यांच्यावर ओरडले, दादा. मरणाऱ्या माणसावर ओरडले, की तुम्ही मला वाचवलं नाहीत, तुम्ही आम्हा दोघांनाही गाडलंत. आई धावत आली. तिला अजून सांगितलेलं नाही. तिनं सायकलीत हवा भरणं थांबवलं तर मला बघवणार नाही.

त्यानंतर आम्ही गेम उघडला नाही. शेवटच्या आठवड्यात ते भ्रमात होते, कुणाला तरी "थांब, थांब" म्हणायचे. एकदा शुद्धीवर आले तेव्हा म्हणाले, "त्याला लिही." मी विचारलं, काय लिहू? तेवढ्यात पुन्हा झोप लागली. म्हणून काय लिहायचं ते मला माहीत नाही. माफ कर म्हणायचं तोंड त्यांनाही नव्हतं, मला तर नाहीच. तू यावंस असंही आता लिहीत नाही. कुणासाठी येशील?

काल मी एकटीनं कॉम्प्युटर लावला. खाली गेले आणि टेकू काढायला लागले. एकेक करून, मोजून, एकशे चौदा. शेवटचा काढला आणि वर बघत स्लॅबच्या बरोबर खाली, मधल्या एकाच घरात उभी राहिले. हसऱ्या उभा होता तिथं. खूप वेळ उभी राहिले. काही पडलं नाही. पडलं असतं तर बरं झालं असतं रे.

माझ्या वहीत अकरा वर्षांपूर्वीची एक नोंद राहिली आहे. ती तुझ्यापर्यंत पोचवायचं काम माझं होतं. उशीर झाला.

गुरुवार. दुपारी बारा वाजायला दहा कमी. इंजिनिअर साहेबांचा फोन. अप्पांसाठी आणि दादासाठी. काँक्रीट कच्चं आहे. टेकू काढू नका. अजून पाच दिवस थांबा.

निरोप घेतला:
ठोकळी